लेथवरील टूलचे पोलाद व त्याची धार

शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेने चौफुल्यास व तेथून पुढे दौंडास जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस जशी उसाची व कांद्याची शेते पडतात, तशीच रस्त्याच्या कडेची पत्र्याच्या छपराची लहान लहान वर्कशॉपेही पडतात. कोठे विहिरीवरील पंपाचा दांडा कातला जात असतो, कोठे ट्रॅक्टरच्या अवजाराची पिन, तर कोठे गुऱ्हाळातील चरकाची लाट. छपराखाली मध्यभागी लेथ उभा असतो. त्याच्या जबड्यात धरलेले लोखंड गरगर फिरते, आणि करंगळीएवढे पोलादाचे एक चौकोनी कांडे त्याच्या अंगास टेकून, काकडीची साल निघावी तसा त्याचा कीस काढीत जाते. लेथ केवढाही मोठा असो, लोखंड कापण्याचे काम अखेर या कांड्याच्या टोकावरील गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत होत असते. या कांड्यास कारागीर ‘टूल’ म्हणतात. ते कशाचे असते, कोठून आणावे व त्यास धार कशी लावावी, एवढ्याच विषयास आम्ही यंदाच्या अंकातील ही पाने देत आहोत. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आप्त अशा वर्कशॉपांत काम करीत असतील. त्यांना यात नवे थोडेच आढळेल. परंतु त्यांच्या घरची मुले हा लेख वाचून त्यांना चार प्रश्न विचारू लागली तर त्यांनी तो उपद्रव आनंदाने सोसावा, अशी आमची विनंती आहे.

पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक लहानशी हकीकत आहे. तिच्याकडे उपदेशकांचे लक्ष क्वचितच जाते. पलिष्ट्यांनी इस्राएलाच्या मुलखात लोहार म्हणून राहू दिला नव्हता. त्यामुळे फाळ, कुदळ व कुऱ्हाड यांना धार लावून घेण्यासाठी इस्राएली शेतकऱ्यास पलिष्ट्यांच्याच दारी जावे लागे, व त्याबद्दल मोबदलाही मोजावा लागे. अवजार आपल्या घरी, पण त्याची धार परक्याच्या हाती, असा तो प्रकार होता. आज ज्या टर्नरास स्वतःचे टूल घासता येत नाही त्याची स्थिती याहून फार निराळी नसते. टूल बोथट झाले की त्याचा लेथ थांबतो, आणि तो दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहत बसतो.

आता टूलच्या पोलादाकडे वळू. लोखंडात शेकडा एकाच्या आसपास कार्बन असला व तो तुकडा लाल तापवून पाण्यात बुडविला, की तो कठीण होतो. लोहार ज्यास ‘पाणी पाजणे’ म्हणतो ते हेच. विळ्याला, कुऱ्हाडीला तो असेच पाणी पाजतो. या साध्या पोलादाची धार अतिशय तीक्ष्ण असते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातील बहुतेक लेथ त्याच्यावरच चालत. त्याचा मोठा दोष असा की, उष्णता त्यास सोसत नाही. लोखंड कापताना टूलचे टोक तापते. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यास पाजलेले पाणी उतरू लागते, आणि ३०० अंशांच्या सुमारास त्यावर निळी झाक येते तोवर धार गेलेलीच असते. सबब त्या काळचा टर्नर आपला लेथ अगदी मंद चालवी.

इंग्लंडातील रॉबर्ट मुशेट याने १८६८ साली पोलादात टंगस्टन नावाचा जड धातू मिसळून पाहिला, तेव्हा ते पोलाद पाण्यात न बुडविता नुसते हवेत निवाले तरी कठीण राहते, असे त्यास आढळले. पुढची मोठी मजल अमेरिकेत मारली गेली. फ्रेडरिक टेलर या इंजिनिअराने १८८० सालापासून धातू कापण्याचे प्रयोग आरंभिले होते व ते तो सव्वीस वर्षे करीत राहिला. १९०६ साली त्याने जो निबंध वाचला त्यात या प्रयोगांची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान सांगितली आहे. आठ लक्ष पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद त्यांत कीस होऊन पडले. एवढा खटाटोप कशासाठी, तर कोणते टूल, किती वेगाने, किती खोल चालवावे या प्रश्नासाठी! या प्रयोगांच्या ओघात, १८९८ ते १९०० या काळात, बेथलहेम येथील पोलादाच्या कारखान्यात टेलर व त्याचा सहकारी मॉन्सेल व्हाइट यांनी टंगस्टन व क्रोमियम असलेले पोलाद वितळण्याच्या बेतास येईपर्यंत तापवून पाहिले. पोलाद इतके तापविले तर ते जळून नासते, असे त्या काळचे सर्व जाणते लोहार मानीत, आणि साध्या पोलादाच्या बाबतीत ते खरेही आहे. या पोलादाची गोष्ट मात्र उलट निघाली. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या टूलांनी लोखंड कापून दाखविण्यात आले. टूलचे टोक तापून लाल झाले आहे, कीस निळा पडत आहे, तरी धार टिकून आहे, हे पाहून युरोपातील कारखानदार थक्क झाले. लेथचा वेग वाढविणारे म्हणून त्यास ‘हायस्पीड’ पोलाद हे नाव पडले. आपल्याकडील वर्कशॉपांत त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘एचएसएस’ म्हणतात.

त्याचा जुना व नामांकित नमुना म्हणजे शेकडा १८ भाग टंगस्टन, ४ भाग क्रोमियम व १ भाग व्हॅनेडियम. टंगस्टन थोड्याच देशांत विपुल सापडतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात राजस्थानातील डेगाणा येथूनही त्याचे खनिज काढण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात त्याची टंचाई भासली तेव्हा त्याचा बराच भाग कमी करून त्याऐवजी मॉलिब्डेनम घालण्याची रीत पसरली. आज ज्यास ‘एम-टू’ म्हणतात त्यात सुमारे ६ भाग टंगस्टन, ५ भाग मॉलिब्डेनम, ४ भाग क्रोमियम व २ भाग व्हॅनेडियम असते. कठीण कामासाठी कोबाल्ट मिसळलेले याहून महाग प्रकारही मिळतात. या सर्वांना कठीण करण्यास सुमारे १२०० अंशांची व तीही काटेकोर उष्णता लागते, आणि मग सुमारे ५५० अंशांवर दोन-तीन वेळा पुन्हा तापवावे लागते. लोहाराच्या भात्यावर हे साधणे नाही. म्हणून एचएसएसचे टूल आधीच कठीण केलेले विकत घ्यावे व आपण फक्त घासून त्यास आकार द्यावा, अशी वहिवाट आहे.

हे टूल बाजारात गुळगुळीत चौकोनी कांड्याच्या रूपाने मिळते. मापे मिलिमीटरांत छापलेली असली तरी मिस्त्री लोक अजून ‘सुता’नेच बोलतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तेव्हा ‘तीन सुती टूल’ म्हणजे पाऊण सेंटिमीटराहून जाड, सुमारे साडेनऊ मिलिमीटरांचे. लहान लेथला दोन सुती, मध्यम लेथला तीन किंवा चार सुती पुरे होते. मिरांडा, ॲडिसन ही नावे आपल्याकडील कारागिरांच्या तोंडी अनेक वर्षे आहेत. पुण्याच्या पेठांतील हार्डवेअरच्या दुकानांत किंवा मुंबईस नागदेवी स्ट्रीटवर पाहिजे तो आकार मिळतो. घेताना पक्की पावती घ्यावी, हे आम्ही मुद्दाम सांगतो; कारण पुढे येईल.

काटकसरी मनुष्यास जुन्या मालातही चांगले पोलाद सापडते. तुटलेले जाड ड्रिल, झिजलेले मिलिंग कटर व रीमर ही बहुधा एचएसएसची असतात. मात्र मोठ्या ड्रिलची मागची निमुळती मूठ पुष्कळदा साध्या पोलादाची जोडलेली असते. वापरावयाचा तो चऱ्यांचा भाग. यांत्रिक करवतीचे जाड पाते सर्वच एचएसएसचे असेल तर तुकडा पाडण्याच्या अरुंद टूलसाठी ते फार उपयोगी पडते. उलटपक्षी जुनी कानस कितीही कठीण असली तरी ती साध्या कार्बन पोलादाची असते, आणि मोटारीच्या पाट्यांचे पोलाद तर या कामी निरुपयोगीच. पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी अशा वस्तूंचे ढीग असतात. तेथे परीक्षा येणाऱ्याची चैन असते व न येणाऱ्याची फसगत. दौंडच्या मुलांना येथे एक सूचना द्यावीशी वाटते. १८७८ साली मनमाडकडे फाटा निघाल्यापासून दौंड हे जंक्शन झाले, वाफेच्या इंजिनांच्या दिवसांत तेथे इंजिनशेड होते, आणि लोखंडाची जाण असलेली माणसे रेल्वेने त्या गावास पुष्कळ दिली. त्यांच्याजवळ बसून शिकावे. पण रुळांच्या कडेस पडलेला तुकडा ‘भंगारच तर आहे’ म्हणून उचलू नये. रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते, आणि तिची वस्तू बेकायदा जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पावतीचे कारण असे. आमचा एक माजी विद्यार्थी आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करून गेल्या उन्हाळ्यात दौंड तालुक्यातील एका वर्कशॉपात उमेदवारी करीत होता. आपल्या पहिल्या पगारातून त्याने हौसेने दोन टूल विकत घेतले. त्यांवर एचएसएसची अक्षरे ठसठशीत उमटविलेली होती व भाव पुष्कळच कमी होता. एका सायंकाळी एक शेतकरी पंपाचा झिजलेला दांडा घेऊन आला. त्यावर नवा भरणा केलेला होता, तो कातून माप आणावयाचे होते. उन्हाळ्याचे दिवस, ऊस पाण्यावाचून उभा. मुलाने आपले नवे टूल लावले. ते दहा मिनिटांत बोथट झाले. पुन्हा घासले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लेथ थांबला तेव्हा मिस्त्रींचा संयम सुटला.

“धार लावता येत नाही तर तसं सांगावं, बाळा. अण्णांचा ऊस वाळतोय तिकडं.”

“मिस्त्री, धार मी नीट लावलीय. तुमच्या पेटीतलं जुनं टूल द्या, अन् दोन्हींची ठिणगी शेजारी शेजारी बघा. मग मला बोला.”

मिस्त्रींनी आपल्या पेटीतील बोटाच्या पेराएवढे उरलेले एक तीन सुती टूल काढून दिले. मुलाने ते ग्राइंडरच्या चाकास टेकविले. ठिणग्या तांबूस, तुटक व मंद अशा निघाल्या. मग आपले नवे टूल टेकविले. तेव्हा पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा भरगच्च झोत उसळला व प्रत्येक ठिणगीस फुलबाजीप्रमाणे फाटे फुटले. मिस्त्री काही वेळ पाहत राहिले. “लेका, हे तर कानशीचं पोलाद,” एवढेच ते म्हणाले. दांडा त्या जुन्या उरल्यासुरल्या टूलवर कातून झाला, व रात्री नऊच्या सुमारास शेतकऱ्याच्या मोटारसायकलीस बांधून गेला. दुकानदाराने मात्र पावती नाही या सबबीवर टूल परत घेतले नाहीत. मुलाचे पैसे बुडाले. त्याच्या हातास लागलेला बोल तेवढा धुऊन निघाला.

ही ठिणगीची परीक्षा प्रत्येकाने शिकून ठेवावी. ठिणगीचे फुलणे हे तिच्यातील कार्बनच्या जळण्यामुळे होते. साध्या कार्बन पोलादात ते भरपूर दिसते. टंगस्टनमुळे ठिणगी लालसर व निस्तेज होते आणि फाटे जवळजवळ नाहीसे होतात. मॉलिब्डेनमच्या जातीची ठिणगी किंचित नारिंगी असून तिच्या टोकास लहान काटा दिसतो. ओळखीचा खरा तुकडा शेजारी धरून तुलना करावी, म्हणजे डोळा फसत नाही. लोहचुंबक येथे कामास येत नाही, कारण तो दोन्ही पोलादांना सारखाच चिकटतो. संशय उरल्यास आणखी एक कसोटी आहे. टूलच्या मागच्या निरुपयोगी कोपऱ्याला चाकावर धरून निळी झाक येईपर्यंत तापू द्यावे, आपोआप निवू द्यावे, व मग तेथे चांगली कानस घासून पाहावी. कानस रुतली तर पोलाद साधे. ती घसरून गेली तर एचएसएस. एक कोपरा खर्ची पडतो, परंतु सर्व शंका फिटते.

आता घासण्याविषयी. ग्राइंडरचे सहा इंची चाक मिनिटास २८०० फेरे फिरते असे धरले, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर येतो. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. मग चाकासमोर डोळे उघडे ठेवून उभे राहण्याचे धाडस कोणी करणार नाही. चष्मा लावल्यावाचून ग्राइंडरची कळ दाबू नये. या एका बाबतीत आम्ही कोणतीही सबब ऐकत नाही, कारण बोटाची जखम भरते पण बुबुळात रुतलेला तापलेला कण जन्माची खूण ठेवून जातो. सैल बाह्या, ओढणी, मोकळी वेणी व हातमोजे ही चारही चाकापासून दूर असावीत. टूल टेकविण्याची पट्टी व चाक यांमध्ये एका सुताहून अधिक फट राहू देऊ नये, नाही तर टूल आत ओढले जाते. नवे चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. कुंभाराकडून माठ घेताना आपल्या आया टिचकी मारून पाहतात, तीच ही रीत: खणखणीत वाजले तर चाक अखंड, बद्द वाजले तर तडकलेले. चाक सुरू केल्यावर पहिले मिनिटभर बाजूस उभे राहावे. एचएसएससाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, राखी किंवा पांढऱ्या रंगाचे चाक असते. हिरवे चाक कार्बाइडसाठी. पितळ व ॲल्युमिनियम या चाकांवर घासू नये, त्यांनी चाकाची भोके बुजतात.

टूलचे टोक आपण घासतो ते दोन गोष्टींसाठी. धारेखालचा भाग फिरत्या लोखंडास घासू नये म्हणून तो आतल्या बाजूस ओढून घ्यावा लागतो. यास आपण मोकळीक म्हणू, कारागीर त्यास क्लिअरन्स म्हणतात. आणि निघालेला कीस वरून सहज वाहून जावा म्हणून माथ्याला धारेपासून मागे उतार द्यावा लागतो. त्याचे कारखान्यातील नाव रेक. मोकळीक नसेल तर टूल कापतच नाही, नुसते घासते व तापते. ती फाजील असेल तर धारेखाली आधार राहत नाही व टोक कुरतडते. नवशिक्याची चूक बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते. टूल अणकुचीदार दिसले की ते चांगले कापेल असे त्यास वाटते.

नेहमीच्या कामाचे उजव्या हाताचे टूल घेऊ. ते उजवीकडून डावीकडे, म्हणजे जबड्याच्या दिशेने कापीत जाते, म्हणून त्याची धार डाव्या कडेस असते. प्रथम डावी बाजू घासावी. कांडे दोन्ही हातांनी धरून, हात पट्टीवर टेकवून, खालचा भाग किंचित आत जाईल असे ते कलते धरावे. मोकळीक दहा अंशांची. दहा अंश म्हणजे किती? टूलची उंची दहा मिलिमीटर असेल तर तळाची कड धारेच्या कडेहून सुमारे पावणेदोन मिलिमीटर आत गेलेली असावी. दहावीच्या मुलांनी दहा अंशांच्या स्पर्शकाशी हे ताडून पाहावे. भूमितीच्या तासास ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. मग पुढचा चेहरा घासावा, त्यालाही तळाकडे दहा अंशांचीच मोकळीक. आणि वरून पाहता डावी धार व पुढची कड यांमधील कोन काटकोनाहून थोडा कमी, ऐंशी अंशांच्या आसपास यावा. शेवटी माथा. धारेपासून उजवीकडे बारा-तेरा अंशांचा उतार द्यावा, पण खुद्द धार खाली उतरू देऊ नये. चाक धारेपर्यंत येऊन नुसते स्पर्श करून थांबले पाहिजे. याच ठिकाणी हाताची खरी परीक्षा होते, आणि ती लिहून शिकविता येत नाही. चाकावर टूल एका जागी दाबून धरू नये, डावीउजवीकडे हळू सरकवीत राहावे. त्यामुळे चाकावर खोबण पडत नाही व पृष्ठभाग एकसंध येतो. घासताना चाक आणि टूल यांवर नजर असावी, तसाच कानही असावा; दाब अधिक झाला की आवाज जड होतो. पत्र्याचा तुकडा कंपासपेटीतील कोनमापकाने आखून कापावा, म्हणजे मोकळीक तपासण्याचे फुकटचे मापक होते.

तापलेल्या टूलविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, सतत पाण्यात बुडवावे; कोणी म्हणतो, एचएसएसला पाणी दाखवूच नये. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. टूल नुसते कोमट होताच वरचेवर बुडविले तर काही बिघडत नाही, व बोटेही भाजत नाहीत. परंतु ते निळे पडण्याइतके तापले असेल तर पाण्यात बुडविताच धारेस डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात; अशा वेळी ते हवेतच निवू द्यावे. निळे पडले म्हणून एचएसएसचे पाणी उतरत नाही, हे आपण वर पाहिलेच.

चाकावरून निघालेल्या धारेस भिंगातून पाहिले तर ती करवतीसारखी दातेरी दिसते. म्हणून तेलाच्या दगडावर तिन्ही पृष्ठभाग हलक्या हाताने फिरवून ती साफ करावी, व टोकास ज्वारीच्या कणीएवढी गोलाई द्यावी. ही गोलाई दिली नाही तर कातलेल्या कामावर बारीक आटे पडल्यासारखे दिसते, आणि टोकही लवकर झडते. आमच्या पाहण्यात तेलाचा दगड वापरणारी वर्कशॉपे थोडी आहेत. पाच मिनिटे वाचविण्याच्या नादात दिवसाकाठी दोन वेळा अधिक घासावे लागते, याचा हिशेब कोणी करीत नाही.

वरील कोन मऊ लोखंडासाठी आहेत. बिडासाठी माथ्याचा उतार निम्म्याहून कमी करावा. पितळेस तर मुळीच उतार देऊ नये, माथा सपाट ठेवावा. उतार दिला की टूल पितळेत एकाएकी घुसते व कामाचा नाश होतो. ॲल्युमिनियम याच्या अगदी उलट, त्यास भरपूर उतार लागतो. तुकडा पाडण्याच्या अरुंद टूलला दोन्ही बाजूंनी एक-दोन अंशांचीच मोकळीक पुरे.

टूल बसविताना त्याचे टोक कामाच्या मध्याच्या उंचीवर यावे लागते. पोलादी पट्टी काम व टूलचे टोक यांमध्ये हलकेच दाबून पाहावी. ती सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक आपल्याकडे कलले तर टूल खाली आहे, पलीकडे कलले तर वर आहे. वेगाचे गणितही सोपे आहे. मऊ लोखंडासाठी एचएसएसचा वेग मिनिटास सुमारे ३० मीटर धरतात. १००० ला ३० ने गुणून त्यास ३.१४ व कामाचा व्यास यांच्या गुणाकाराने भागावे. व्यास २५ मिलिमीटर असेल तर मिनिटास ३८२ फेरे येतात. लेथवर त्याखालचा जो वेग असेल तो घ्यावा. व्यास दुप्पट झाला की फेरे निम्मे. आमच्या विद्यार्थ्याचे खोटे टूल याच्या निम्म्या वेगाने चालविले असते तर कदाचित टिकलेही असते. पण त्यासाठी ते खोटे आहे हे आधी कळावयास हवे होते.

येथे कोणी पालक विचारतील की, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत संगणकावर चालणारी यंत्रे आहेत, त्यांत कार्बाइडच्या तयार टिकल्या बसवितात व झिजल्या की फिरवून टाकून देतात; मग हा हाताने घासण्याचा खटाटोप कशास? प्रश्न रास्त आहे. कार्बाइड एचएसएसच्या तिप्पट-चौपट वेगाने कापते. परंतु तो वेग व तो ताण सोसणारे भक्कम यंत्र त्यास लागते. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या लेथवर तेवढे फेरे निघत नाहीत, आणि यंत्र थरथरले की कार्बाइडची कड तुटते. एकाच नगाच्या दुरुस्तीस, एखाद्या विचित्र खाचेस, मोडलेल्या जुन्या भागाच्या जोडीस पाहिजे त्या आकाराचे टूल घासून घेणे हेच स्वस्त पडते. शिवाय त्या तयार टिकलीवरही मोकळीक व उतार हे कोन असतातच. ते कारखान्याने दिलेले असतात इतकेच. ज्याने ते एकदा स्वतःच्या हाताने घासले आहेत, त्यास टिकली निवडताना यादीतील आकडे वाचता येतात.

हातकामाविषयी आपल्या समाजात, ख्रिस्ती घरांतही, अजून एक संकोच आहे. गणितात मागे पडलेल्या मुलालाच वर्कशॉपात घालावे असे पुष्कळांस वाटते. आमच्या पूर्वसूरींचे मत तसे नव्हते. शिरूर येथेच अमेरिकन मराठी मिशनच्या रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक शाळा चालविली. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, इंजिनिअरिंग शिकून आलेले मिशनरी डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारलेला हातमाग बनविला. पालकसभेत एका विद्यार्थिनीच्या मातुःश्रींनी आम्हांस विचारले, “सर, आमची मुलगी लेथपुढे उभी राहिली तर लोक काय म्हणतील?” आम्ही त्यांना दौंड तालुक्यातीलच केडगावची आठवण दिली. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींनी छापखान्यात खिळे जुळविले, यंत्रे चालविली, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले. त्या मुलींनाही लोक काही तरी म्हणालेच असतील. बाईंनी तेव्हा नुसती मान हलविली. पण मुलीचे नाव तांत्रिक विषयाच्या यादीतून काढून घेतले नाही.

सरावास आरंभ करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एचएसएसवर पैसे घालवू नयेत. मऊ लोखंडाची तीन सुती चौकोनी सळई कोणत्याही लोखंडाच्या दुकानात मिळते. तिचे चार-चार बोटे लांबीचे तुकडे करून वडील माणसाच्या देखरेखीखाली, चष्मा लावून, त्यांवर वरील तीन पृष्ठभाग घासावेत. पहिला तुकडा वेडावाकडा येईल, दुसऱ्यावर चारपाच पैलू पडतील. पाचव्या-सहाव्यावर एकेक बाजू एकसंध येऊ लागली की मग खरे टूल हाती घ्यावे. सुट्टीत ज्यांना हे करता येईल त्यांनी आपला सर्वांत चांगला व सर्वांत वाईट असे दोन तुकडे, पत्र्याच्या मापकासह, शाळा उघडल्यावर प्रयोगशाळेत आणावेत. कोनमापक व भिंग आम्ही तेथे काढून ठेवू.